रेषा नाचत होत्या तोवर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी. निदान सांगायला तरी तसंच होतं. थोरला भाऊ विजय सोनं गाळायच्या धंद्यात तिकडं तमिळ मुलखात होता. आमच्या विटा-कडेगाव भागातली कितीतरी पोरं अशीच जातात आणि कुठल्याशा परक्या शहराच्या गल्लीत भट्टी लावून बसतात. विजय चौदाव्या वर्षी गेला. पोटासाठी गेलो असं तो सगळ्यांना सांगायचा, पण घरचा ऊस होता, पोटाला काही कमी नव्हतं. तो आबांच्या पट्ट्याला भिऊन गेला. मी विट्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले तेव्हा त्यानं सांगलीच्या अजित चौगुले नावाच्या पोराला फोन करून यंत्र जोडून घेतलं आणि आमच्या घरी पाठवलं. गावात तोवर कॉम्प्युटर कुणाच्या घरात नव्हता. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, वर विणलेला रुमाल टाकला, आणि सोप्यात आबांच्या फौजेतल्या फोटोखाली तो बसला.

आबांबद्दल सरळच लिहिते. माझी लेक मला विचारते, आजोबा वाईट होते का गं? होते. त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि आता पन्नाशी आल्यावर शोधायची हौसही उरलेली नाही. ते फौजेतून हवालदार म्हणून परत आले आणि येताना कमरेचा जाड पट्टा तेवढा घेऊन आले. आमटीत मीठ कमी पडलं, पट्टा. भाकरीला पापुद्रा आला नाही, पट्टा. म्हशीनं धारेला लाथ मारली, तर म्हशीच्या ऐवजी आईला पट्टा. बक्कल सुटल्याचा बारीक आवाज यायचा आणि आई हातातलं काम खाली ठेवून काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवायची. बांगडी फुटून मनगटात घुसली की आठ-आठ दिवस भाकरी थापता येत नाही, म्हणून. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्याच बायका मार खायच्या आधी बांगड्या वर करत असतील. पुढं मैत्रिणींच्या घरी जाऊ लागले तेव्हा कळलं की असं काही नसतं.

एवढं असूनही आमच्या घरचं जेवण सुंदर असायचं, हे मला आजही नवल वाटतं. आख्खा मसूर, वर कच्चा कांदा, तव्यावर ठेचलेला मिरचीचा खर्डा, आणि आईची ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ. भीतीनं माणूस किती चांगला स्वयंपाक करू शकतो हे मी आईकडं बघून शिकले. जेवताना कुणी बोलायचं नाही. चुलीतलं लाकूड तडतडायचं आणि हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कर्णे लावून जायच्या, तेवढाच आवाज. आबांचा घास थांबला की आमचे थांबायचे.

कॉम्प्युटरमध्ये अजितनं गाणी वाजवायचा एक प्रोग्राम घालून दिला होता. एका दुपारी मी जुनी गाणी लावून बसले होते आणि चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं. पडदा काळा झाला आणि त्यावर हिरव्या-जांभळ्या रेषा नाचायला लागल्या. ढोलकीचा ठोका पडला की उसळायच्या, बाईचा आवाज लांबला की लांब व्हायच्या. आबा पाणी मागायला आत आले होते. ते तसेच उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"हे कोण काडतंय गं?" त्यांनी विचारलं.

"गाणंच काडतंय, आबा. जसं वाजंल तसं."

"आपोआप?"

"व्हय."

ते संध्याकाळपर्यंत बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, तोंड थोडं उघडं. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं होतं आणि त्यांनी ती न बोलता खाल्ली. आई माझ्याकडं आणि मी आईकडं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी रानातून येताना त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला तेव्हा आईच म्हणाली, "नंदा, लाव गं त्या रेशा." मी लावल्या. आबा आले, बसले, गप झाले. त्या दिवसापासून तो आमच्या घरचा इलाज झाला. मी क्लासचं एक अक्षरही त्या यंत्रावर गिरवलं नसेल. मी आणि आई मिळून त्यावर आबांना शांत ठेवत होतो. ते दिवस माझ्या माहेरचे सगळ्यात चांगले दिवस होते, हे कबूल करायला हवं.

पण ते यंत्र काही फार ताकदीचं नव्हतं. रेषा लावून अर्धा-पाऊण तास झाला की गाणं आचके द्यायला लागायचं. एकच शब्द चार-चार वेळा, खरवडल्यासारखा. रेषा मध्येच थिजायच्या आणि आबांची मान वळायची. मग सांगलीला फोन व्हायचा. अजित बिचारा मोटारसायकलवर यायचा. विशी-बाविशीचा, किडकिडीत, आमच्या घरचा चहा घ्यायचा पण कांद्याचं काही खायचा नाही. जैन होता. यंत्र उघडून आतली धूळ ब्रशनं काढायचा, काय काय बघायचा. एकदा आबा रानात असताना त्यानं मला पडद्यावर एक हिरवा आलेख काढून दाखवला.

"ताई, हे बगा. नुसतं गाणं लावलंय, तर ह्याचा प्रोसेसर कसा निवांत हाय. आता रेशा लावतो." आलेख सरळ छताला जाऊन टेकला. "शंभर टक्के. ह्याचं सगळं डोस्कं रेशा काडण्यात जातंय. मग गाण्याला कोण वाली न्हाई. यंत्रात खराबी काय न्हाई, मी कितीबी येळा आलो तरी हेच."

"आबास्नी सांगू नगा," मी म्हणाले. "त्यास्नी रेशा पायजेत."

त्यानं एकदा चुलीपाशी बसलेल्या आईकडं पाहिलं. आईच्या गालावर तेव्हा पिवळा पडत चाललेला वळ होता. "बरं," तो म्हणाला. "मग आबास्नी मी काय तरी सांगतो." आणि त्यानं आबांना सांगितलं की धूळ बसते, साफ करावं लागतं. असा तो सात-आठ वेळा आला असेल. आबा त्याला तोंडावर शिव्या द्यायचे, तो खाली मान घालून स्क्रू पिळायचा.

त्या उन्हाळ्यात तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. आमच्याकडं जवान नोकरी पुरी करून आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. फुलांची जीप, फेटे, गुलाल, देशभक्तीची गाणी, चौकात ध्वजाला सलामी. लग्नात नसेल एवढी माणसं असतात. आबांची अशी मिरवणूक निघाली नव्हती. त्यांनी कुठल्याशा साहेबावर हात टाकला होता आणि मुदतीआधी घरी आले होते, हे मला खूप पुढं तात्यांनी सांगितलं. पण गावाला माहीत होतं. म्हणून असेल, आबांनी भावाच्या मिरवणुकीचा सगळा भार अंगावर घेतला. आणि बँजो पार्टी सांगायची सोडून ते म्हणाले, "आपल्या घरात यंतर असताना भाड्यानं कशाला? माझ्या भावाला माझं गाणं." ट्रॉलीवर जनरेटर, अॅम्प्लिफायर, दोन मोठे कर्णे आणि मधे टेबलावर आमचा कॉम्प्युटर, सुतळीनं बांधलेला. आज हसू येतं. तेव्हा साऱ्या गावाला त्याचं कौतुक होतं.

अजितला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. त्यानं वायरी जोडल्या, गाणी क्रमानं लावली आणि मला बाजूला घेतलं. "ताई, उनात हे आधीच तापणार. कायबी झालं तरी मिरवणुकीत रेशा लावायच्या न्हाईत. नुसती गाणी. येवडं ध्यानात ठेवा." मी हो म्हणाले. शब्द दिला म्हणा ना.

मिरवणुकीच्या सकाळी आबांचा फेटा नीट बसेना. बांधणारा माणूस उशिरा आला, हार अजून आले नव्हते, आणि कडक इस्त्रीच्या शर्टावर आईच्या हातून चहाचा एक थेंब सांडला. माजघरात त्यांनी बक्कलाकडच्या बाजूनं पट्टा फिरवला. आईची भुवई फुटली. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि सगळे जण सोप्यात बसून छताकडं बघत होते. आईनं भुवईवर हळद दाबली, पदर पुढं ओढला आणि ट्रॉलीपाशी आली. मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आबा पलीकडं ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर ओरडत होते, हातात चाक खोलायचा लोखंडी पाना होता.

"नंदा," आई खालून हळू म्हणाली, "लाव गं तेवडं. आज माणसात तरी तमाशा नगं."

"अजितदादानं नगं म्हणून सांगितलंय."

"मला ठावं न्हाई तुमचं काय ते. लाव."

तिच्या पदराला रक्त लागलेलं होतं. मी बटण दाबलं. आबा वर चढले, पडद्यावर रेषा बघितल्या, आणि खरंच सांगते, त्यांचा चेहरा निवळत निवळत साधा झाला. ते खुर्चीवर बसले, पाना पायाशी ठेवला. मिरवणूक निघाली. पुढं फुलांच्या जीपमध्ये तात्या, मागं आमची ट्रॉली. गुलाल उडत होता, कर्णे घुमत होते, आबा मांडीवर ताल धरत होते. मी मनात म्हटलं, निभावलं.

चौकात ध्वज उभारला होता. तात्या जीपमधून उतरले, ताठ झाले, सलामीसाठी हात वर गेला. त्यांच्या पलटणीतले तीन-चार जण आले होते, तेही ताठ. सारा गाव उभा. आणि गाणं आचका देऊन थांबलं. मग एकच शब्द, पुन्हा तोच, पुन्हा तोच, दोन्ही कर्ण्यांतून, खरखरत. तात्या हात तसाच धरून उभे. पोरं खुसूखुसू हसायला लागली. मी माउस हलवत होते, बाण जागचा हलेना. इतक्यात गर्दीतून कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "हवालदाराचं गाणं बी मुदतीआदी घरी आलं की रं!"

सगळा चौक हसला. आबा उठले तेव्हा पाना त्यांच्या हातात होता.

तोवर ट्रॉलीमागून चालत असलेला अजित चाकावर पाय देऊन वर चढला होता. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला नाही. वाकून कीबोर्डवर दोन-तीन बटणं दाबली. रेषा गेल्या आणि गाणं सुरळीत वाजायला लागलं, अगदी स्वच्छ. त्याच क्षणी आबांनी त्याच्या उजव्या मनगटावर पाना हाणला.

"परत हात लावतूस व्हय रं? आट येळा आलास, आट येळा हात लावलास, माजं यंतर नासवलंस!"

हाड मोडल्याचा आवाज मला गाण्यातूनही ऐकू आला. अजित टेबलावर पडला, दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा कानावर. तो खाली सरकला तसे आबांनी त्याला बुटानं तुडवायला सुरुवात केली. कानातून रक्त यायला लागलं, गुलालात मिसळून ओळखू येईना. आणि वर कर्ण्यांतून ते गाणं एक ठोका न चुकता वाजत होतं. मी तिथंच होते, दोन हातांवर. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: आबा, रेशा मी लावल्या. चार शब्द पुरले असते. मी ट्रॉलीच्या फळीवरून खाली आईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि नकारार्थी मान हलवत होती, पुन्हा पुन्हा. मी गप राहिले. हे लिहायला मला तीसेक वर्षं लागली आणि अजूनही हात थांबतो.

तात्यांनी धावत येऊन आबांना मागून कवळ्यात धरलं. "दादा, सोड! मरंल ते!" त्यांचा फेटा सुटून पायात आला. पलटणीतल्या माणसांनी अजितला उचलून फुलांच्या जीपमध्ये घातलं आणि जीप तशीच, झेंडूच्या माळांसकट, सांगलीकडं गेली. सलामी राहिली ती राहिलीच.

पोलिसात तक्रार झाली नाही. आम्ही आठ दिवस वाट बघत होतो, कोणी आलं नाही. आबांनी त्याचा आपल्या सोयीनं अर्थ लावला. "चूक हुती म्हणूनच गप बसलंय," ते पारावर सांगायचे. तेवढ्यावर थांबले नाहीत. कुंडलपासून कडेगावपर्यंत जिथं म्हणून कोणी कॉम्प्युटर घेतला होता तिथं निरोप गेला, त्या सांगलीच्या पोराला हात लावू देऊ नका, यंत्रं बिघडवून पुन्हा पुन्हा बोलावणं लावतो. फौजी माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. मी घरात भाकऱ्या करत ते ऐकायची. मनगट तर गेलंच होतं, आता त्याचं नावही माझ्या घरातून मोडलं जात होतं, आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं.

महिन्याभरानं मी क्लासच्या परीक्षेचं निमित्त काढून एसटीनं सांगलीला गेले. अजितचं घर हळदीच्या व्यापाऱ्यांच्या आळीत होतं, सगळ्या गल्लीला हळदीचा वास. त्याच्या आईनं दार उघडलं. कडेगावकडून आले म्हटल्यावर तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं, पण आत घेतलं. हात गळ्यात अडकवून अजित एका दुरुस्तीच्या यंत्रापुढं बसला होता आणि डाव्या हातानं स्क्रू फिरवायचा प्रयत्न करत होता. स्क्रू पुन्हा पुन्हा खाली पडत होता. उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं; मी बोलले की तो मान वळवायचा.

"तुमी बगितल्या हुत्या ना रेशा?" मी विचारलं.

"बगितल्या की."

"मग बोलला का न्हाई? माझं नाव घ्यायचं. एका शब्दात सुटला असता."

तो जरा वेळ स्क्रू शोधत राहिला. "ताई, मी मार खाऊन घरी आलो. माझं नाव झालं तरी मला माझं घर हुतं. तुमचं नाव झालं असतं तर तुमी कुटं गेला असता? त्याच घरात ना?" मग म्हणाला, "तुमच्या आईच्या पदराला रगत हुतं."

मी रडले. त्याची आई ताट घेऊन बाहेर आली. "दिस मावळायच्या आत जेव बाळ, मग आमच्यात चूल न्हाई पेटत," ती म्हणाली. वरणभात आणि तूप होतं. मी चार घास खाल्ले तेव्हा ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "कामं सगळी बंद झाली बग त्येची. पोरगं लबाड हाय म्हणत्यात तुमच्या भागात. माझं पोरगं लबाड हाय का गं?" मी नाही म्हणाले. त्याहून जास्त काही मला तिथं बोलवेना. अजितनं मान खाली घातली होती. निघताना तो म्हणाला, "आबास्नी सांगू नगा. उगं जीव जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा जेवून हात धूत होते. आई उष्टी काढत होती. मी अंगणात येऊन उभी राहिले आणि शेजारच्या भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आबा, त्या दिवशी गाणं अडाकलं ते माझ्यामुळं. अजितदादानं रेशा लावू नगा म्हणून सांगितलं हुतं. मी लावल्या. त्येची काय चूक न्हवती."

आबा तांब्या हातात धरून उभे होते. मग तो त्यांनी सावकाश खाली ठेवला आणि बक्कल सुटलं. पहिला पट्टा माझ्या खांद्यावर बसला आणि मी गुडघ्यावर आले. दुसरा पाठीवर, तिसरा मानेवर. भिंतीवरून शेजारच्या बायकांची डोकी वर आली. घरातून भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि आई बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बांगड्या वर केल्या नव्हत्या.

"तिला काय मारता?" ती ओरडली. एवढा मोठा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. "मी सांगितलं हुतं लावाय! मी! तुमी मारता म्हणून लावल्या. तुमी गप ऱ्हावं म्हणून लावल्या. मारा मला!"

आबांनी पट्टा वर नेला आणि तिनं तो वरच्यावर धरला. बांगड्या फुटल्या, मनगट चिरलं, पण तिनं सोडला नाही. मी उठले आणि मीही धरला. आम्ही दोघी एका बाजूला आणि आबा एका बाजूला, भर दुपारी अंगणात ओढाओढ चाललेली. त्यांचं बळ आमच्या दोघींपेक्षा जास्तच होतं. तरी ते दमले. त्यांनी एकदा भिंतीवरल्या डोक्यांकडं पाहिलं आणि एकदम हात सोडला, तशा आम्ही दोघी पाठीवर आपटलो. ते चप्पल न घालताच रानाकडं निघून गेले. त्याच संध्याकाळी मी तात्यांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, आणि तात्यांनी पारावर जाऊन आपल्या भावाचा शब्द खोटा पाडला. अजितकडं पुन्हा कामं जायला लागली. मनगट मात्र वाकडंच बसलं, आणि त्या कानाला पुढं कधी ऐकू आलं नाही. तो डाव्या हातानं काम करायला शिकला. त्यानं मला माफ केलं असं त्यानं कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात मार बंद झाला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. झाला नाही. आबा पुढं अकरा वर्षं जगले आणि त्यांचा हात शेवटपर्यंत सुटायचा. पण त्या दुपारनंतर एक गोष्ट बदलली, आणि ती मी आणि आई सोडून कुणाच्या ध्यानात आली नसेल. आमच्यातल्या एकीवर हात उचलायच्या आधी ते आता थांबायचे आणि मान वळवून बघायचे, दुसरी कुठं उभी आहे.